सुई टेकली, पण आवाज कुठला? : सिनेमातली रेकॉर्ड पुरावा म्हणून वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात, विभागातल्या सेमिनारमध्ये, सातव्या स्लाइडवर माझा पेपर आडवा झाला. विषय होता सिनेमातला ग्रामोफोन. मी 'द शॉशँक रिडेम्प्शन'मधला (१९९४) तो प्रसिद्ध प्रसंग दाखवत होतो. कैदी असलेला अँडी दार आतून लावून घेतो, रेकॉर्ड लावतो आणि लाउडस्पीकरवरून साऱ्या तुरुंगाला मोत्झार्ट ऐकू येतो. मैदानातले कैदी जागच्या जागी थांबतात. मी म्हटलं, "आता ऐका, १९५०च्या दशकातली ऑपेरा गाण्याची पद्धत कशी होती ते."

मागच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. रेकॉर्डी जमवणारे. त्यांनी हात वर केला. "हे ध्वनिमुद्रण कधीचं?"

"फिफ्टीजचं सर. कथा त्याच काळात घडते ना."

"कथा घडते हो. गाणं कधी गायलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे उत्तर शोधायला कुठे जायचीही गरज नव्हती. सिनेमाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत ते लिहिलेलं होतं. 'फिगारो'मधलं ते द्वंद्वगीत कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली बर्लिनच्या डॉइच ओपरमधल्या कलावंतांनी केलेल्या ध्वनिमुद्रणातलं आहे. गायिका गुंडुला यानोविट्स आणि एडिथ माटिस. मुद्रणाचं वर्ष १९६८. सिनेमातला प्रसंग १९५४ नंतरच्या एक-दोन वर्षांतला. म्हणजे अँडीने रेकॉर्डवर सुई ठेवली तेव्हा या दोघी जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या होत्या! मी १९६८च्या आवाजावरून १९५०च्या दशकाबद्दल निष्कर्ष काढत होतो, आणि तोही छातीठोकपणे.

सेमिनार संपल्यावर मॅडम (माझ्या गाईड) एवढंच म्हणाल्या, "पेपर परत लिही. पण यावेळी प्रत्येक वाक्यापुढे लिही, हे तू पाहिलंस, ऐकलंस, की गृहीत धरलंस."

तो पेपर परत लिहिताना जे शिकलो ते या पोस्टमध्ये मांडतोय. तुमचा विषय सिनेमा नसला तरी वाचा, कारण अडचण सगळ्यांची एकच आहे. समोर पुरावा आहे असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तिथे दोन-तीन वेगवेगळे पुरावे एकमेकांना चिकटून बसलेले असतात.

एका प्रसंगात चार तारखा

सिनेमात कुणी रेकॉर्ड लावतं तेव्हा आपल्याला एकच घटना दिसते: सुई टेकली, गाणं सुरू झालं. पण शूटिंगच्या वेळी बहुतेकदा ती रेकॉर्ड मुकी असते. संवाद स्वच्छ यावेत म्हणून सेटवर गाणं वाजवत नाहीत, किंवा वाजवलं तरी ते अंतिम ध्वनीत घेत नाहीत. गाणं नंतर, संकलनाच्या टेबलावर, दुसऱ्याच स्रोतातून बसवलं जातं. म्हणजे दिसणारी तबकडी एका ठिकाणाहून आली आणि ऐकू येणारा आवाज दुसऱ्या ठिकाणाहून.

मग आपल्याला ते एकच का वाटतं? फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं यांनी यासाठी 'सिंक्रेसिस' असा शब्द घडवला. एखादी दृश्य हालचाल आणि एखादा आवाज नेमके एकाच क्षणी आले, की मेंदू त्यांची गाठ मारूनच टाकतो. दोन्ही खरोखर एकमेकांशी संबंधित आहेत का, हे तो विचारत बसत नाही. दार आपटलं आणि त्याच क्षणी 'धाड' ऐकू आलं, की तो आवाज त्याच दाराचा. मग तो स्टुडिओत लाकडी पेटीवर काढलेला का असेना! सुई आणि गाणं यांचंही तेच.

संशोधकाला ही गाठ सोडवावी लागते. मी वहीत प्रत्येक प्रसंगासाठी चार रकाने आखतो. पहिला, कथेचा काळ. दुसरा, दिसणारी वस्तू कधीची. तिसरा, ऐकू येणारं ध्वनिमुद्रण कधीचं. चौथा, सिनेमा कधी बनला. शॉशँकच्या प्रसंगात पहिल्या रकान्यात १९५०च्या दशकाचा मध्य, तिसऱ्यात १९६८ आणि चौथ्यात १९९४ येतं. मी सेमिनारमध्ये पहिल्या रकान्यातलं उत्तर उचलून तिसऱ्यात लिहिलं होतं. चूक एवढीच, पण तिने सगळा युक्तिवाद पाडला.

आधी वस्तू ओळखा: लाख की व्हायनल?

हल्ली सगळ्याच जुन्या रेकॉर्डना 'व्हायनल' म्हणायची पद्धत पडलीय. संशोधनात हे चालणार नाही. आपल्या आजी-आजोबांच्या घरात चावीच्या फोनोवर जी रेकॉर्ड वाजायची ती लाखेची. ती जड असते, ठिसूळ असते, हातातून पडली की तिचे तुकडे होतात. मिनिटाला साधारण ७८ फेरे, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, म्हणजे एकच गाणं. व्हायनलची लाँग प्ले रेकॉर्ड कोलंबिया कंपनीने अमेरिकेत १९४८ मध्ये बाजारात आणली, वेग ३३⅓. पाठोपाठ १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने सात इंची, ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड आणली. १९४८च्या आधी घडणाऱ्या कथेत कुणी एलपी लावताना दिसलं, तर वहीत तशी नोंद करा.

पण पडद्यावर दोन सेकंद दिसणारी तबकडी लाखेची की व्हायनलची, हे ओळखायचं कसं? लेबल वाचता आलं तर प्रश्नच मिटला. बहुतेकदा ते येत नाही. मग मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, पट्टे. एलपीच्या एका बाजूला पाच-सहा गाणी असतात आणि दोन गाण्यांच्या मध्ये चमकणारी बारीक मोकळी रेघ असते. तिरका प्रकाश पडला की ही वर्तुळं लगेच दिसतात. लाखेच्या तबकडीवर एकच गाणं असल्यामुळे खाचा कडेपासून लेबलपर्यंत सलग जातात. कर्ण्याच्या फोनोवर पट्टे असलेली चकचकीत तबकडी फिरताना दिसली, की समजायचं प्रॉपवाल्यांनी हाताला लागली ती एलपी ठेवलीय. असा फोनो ती खरोखर वाजवूही शकत नाही. त्याची जड मान आणि पोलादी सुई एलपीच्या बारीक खाचा खरवडून काढेल.

दुसरी गोष्ट, यंत्र. कर्णा, चावी, जाड नळीसारखी मान, हे सगळं विजेच्या आधीचं. चावीच्या फोनोची पोलादी सुई जवळजवळ प्रत्येक बाजू वाजवल्यावर बदलायची असते, म्हणून खऱ्या जुन्या घरात फोनोशेजारी सुयांची छोटी पत्र्याची डबी असायची. ती डबी सेटवर ठेवलेली दिसली तर कला-दिग्दर्शकाने अभ्यास केलाय असं मी समजतो. कर्ण्याबाबत मात्र सावध राहा. मुंबईच्या चोरबाजारात पितळी कर्ण्याचे 'जुने' ग्रामोफोन ओळीने मांडलेले दिसतील, त्यातले कितीतरी अलीकडे जुळवलेले असतात: पेटी नवी, कर्णा नवा, वर कुत्र्याचं चित्र. जगभरातले संग्राहक अशा यंत्रांना चेष्टेने 'क्रॅपोफोन' म्हणतात. शूटिंगला भाड्याने असलीच यंत्रं गेली तर नवल नाही. सिनेमातल्या यंत्रावरून त्या काळाची घरं कशी होती हे सिद्ध करायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची, कारण तिला फक्त मोजदाद लागते. फेरे मोजा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ७८ फेऱ्यांची तबकडी एक फेरा पाऊण सेकंदाच्या किंचित वर पूर्ण करते, म्हणजे साधारण साडेअठरा फ्रेममध्ये. ४५ची तबकडी बरोबर ३२ फ्रेम घेते. ३३⅓ची एलपी ४३ फ्रेमपेक्षा जरा जास्त. लेबलवरचं एखादं अक्षर, ओरखडा, चिकटपट्टी असं काहीतरी पकडायचं आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत ती खूण परत जागेवर येईपर्यंत मोजायचं. तीनदा मोजा, सरासरी घ्या. अठरा-एकोणीस आणि त्रेचाळीस यांच्यात एवढं अंतर आहे की दोन-तीन फ्रेमची चूक झाली तरी निकाल बदलत नाही.

इथे एक खाच आहे. जुन्या टीव्ही आणि डीव्हीडीच्या पद्धतीत २४ फ्रेमचा सिनेमा अनेकदा २५ च्या वेगाने चालवलेला असतो. फ्रेम मोजल्या तर याने फरक पडत नाही. घड्याळ लावून सेकंद मोजले तर पडतो. आणि संगीताला तर चांगलाच पडतो: चार टक्के वेग वाढला की सूर जवळजवळ पाऊण सेमीटोनने चढतो. अशा कॉपीवरून "गायिका काळी दोनमध्ये गातेय" वगैरे लिहाल तर फसाल. कुठली कॉपी, किती फ्रेमची, हे वहीत पहिल्या ओळीत लिहा. शिवाय प्रसंग स्लो मोशनमध्ये असेल किंवा तबकडी कुणी हाताने फिरवत असेल, तर मोजणी बाद.

आता आवाज ओळखा

आवाजासाठी पहिला थांबा श्रेयनामावली. मी तोच चुकवला होता. दुसरा थांबा मोबाइलवरची गाणं ओळखणारी ॲप. ती कशी चालतात हे माहीत असावं. ॲप चाल ओळखत नाही. ते आवाजाच्या आलेखातली ठळक शिखरं आणि त्यांच्यातली अंतरं यांचा एक ठसा बनवतं आणि साठ्यातल्या ठशांशी ताडून बघतं. त्यामुळे जुळलं तर ते नेमकं तेच ध्वनिमुद्रण असण्याची शक्यता खूप असते. एकच ठुमरी दहा जणांनी गायली असली तरी ठसे दहा वेगळे.

पण ॲप जे वर्ष दाखवतं त्यावर विश्वास ठेवू नका. ते बहुतेकदा एखाद्या संकलनाचं, म्हणजे सीडीच्या किंवा डिजिटल पुनर्प्रकाशनाचं वर्ष असतं. १९३५ मध्ये गायलेलं गाणं तिथे २००३चं म्हणून मिरवतं. ध्वनिमुद्रणाची तारीख, पहिल्या प्रकाशनाची तारीख आणि ही विशिष्ट प्रत छापल्याची तारीख, या तीन वेगळ्या तारखा आहेत. पहिल्या दोन शोधायला डिस्कोग्राफी लागते. अमेरिकन रेकॉर्डसाठी सांता बार्बराच्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोश आहे. भारतातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांवर मायकेल किनियर यांचं काम आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी हर मंदिर सिंग 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' आहे. मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'चे 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक आहेत. आणि पुण्यात राहणाऱ्यांचं नशीब चांगलं, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या पुस्तिकाही जपलेल्या आहेत.

ऐकताना अजून एक तपासणी करा. कथेतल्या यंत्रातून असा आवाज येऊ शकेल का? मायक्रोफोन वापरून विजेवर ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झालं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायला १९५७-५८ उजाडलं. आणि लांबी बघा. 'आउट ऑफ आफ्रिका'मध्ये (१९८५) केनियातल्या मळ्यावर ग्रामोफोनवर मोत्झार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्टो वाजतो. त्यातली संथ गत सात मिनिटांच्या आसपास असते. लाखेच्या काळात ती सलग ऐकणं शक्यच नव्हतं, मध्ये उठून बाजू बदलावी लागायची. सिनेमातलं संगीत मात्र उठत नाही, बसत नाही, वाहतच राहतं. जुन्या काळी संगीत ऐकणं म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी जागेवरून उठणं होतं, आणि सिनेमा हे विसरायला लावतो. माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा मुद्दा यातूनच निघाला.

लेबलसुद्धा साक्षीदारच, न्यायाधीश नव्हे

एवढं वाचल्यावर वाटेल की खरी रेकॉर्ड हातात आली, लेबल वाचलं, की संपलं. नाही हो.

१९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' घ्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आवाज लता मंगेशकरांचा, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलेलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! तबकडीवर पार्श्वगायकाऐवजी पात्राचं नाव छापणं तेव्हा चालायचं. उद्या एखादा विद्यार्थी फक्त लेबलांवरून '१९४०च्या दशकातल्या गायिका' अशी यादी करायला बसला, तर त्याला कामिनी नावाची एक फार मोठी गायिका सापडेल आणि लताबाई त्या ओळीतून गायब होतील. लेबल खोटं नाही, ते त्या काळची व्यापाराची रीत सांगतंय. तुम्ही त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

आणखी एक. जुन्या सिनेमांत पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं पुष्कळदा वेगवेगळी ध्वनिमुद्रणं असायची. पडद्यावरचं गाणं लांब. तबकडीसाठी ते तीन मिनिटांत बसवायचं म्हणून कडवं कमी, वाद्यांचे तुकडे कमी, कधी तर गाणारा माणूसही दुसरा. त्यामुळे "ते गाणं ऐकलंय" असं म्हणून भागत नाही. कुठलं ऐकलंय, पडद्यावरचं की तबकडीवरचं?

मराठीतलं उदाहरण तर डोळ्यासमोरच आहे. रवी जाधव यांचा 'बालगंधर्व' (२०११) पाहून बालगंधर्वांच्या गायकीवर टिपण लिहिणारे विद्यार्थी मला भेटलेत. सिनेमात सुबोध भावे दिसतात आणि आवाज आहे आनंद भाटे यांचा. भाटेंनी ते काम सुंदर केलं, त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण ते २१व्या शतकात, आधुनिक स्टुडिओत गायलेलं आहे. नारायणराव राजहंसांचा आवाज त्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे, खरखरीसकट. सिनेमा हा 'बालगंधर्वांची आठवण आपण आज कशी जपतो' याचा पुरावा आहे, आणि तोही मोलाचा. 'बालगंधर्व कसे गायचे' याचा पुरावा वेगळ्या कपाटात आहे.

चूक सापडली! मग पुढे?

या विषयाला लागलं की एक रोग जडतो. प्रत्येक सिनेमात चुका शोधायच्या आणि विजयी मुद्रेने मित्रांना सांगायच्या. मलाही जडला होता. माझ्यासोबत सिनेमा बघायला घरचे तयार होईनात, एवढा! पण चूक सापडणं ही संशोधनाची सुरुवात आहे. पुढचा प्रश्न असा: ही विसंगती तिथे का आहे? मला आतापर्यंत तीन प्रकारची उत्तरं मिळालीत.

पहिलं, निव्वळ दुर्लक्ष. 'क्वाड्रोफेनिया' (१९७९) हा सिनेमा १९६४ च्या सुमाराच्या इंग्लंडमधल्या तरुणांचा. त्यात एका पार्टीच्या प्रसंगात 'द हू' या बँडच्या 'अ क्विक वन'चं सत्तरच्या दशकातलं पुनर्मुद्रण दिसतं. तो अल्बमच मुळात १९६६चा. सिनेमा 'द हू'च्याच संगीतावर बेतलेला आहे, त्यामुळे सेटवर त्यांची रेकॉर्ड आणून ठेवणं कुणाला खटकलं नसणार. इथे वस्तू आपल्याला १९६४ बद्दल काही सांगत नाही. १९७९ मध्ये १९६४ कसं आठवलं जात होतं ते सांगते.

दुसरं, जाणूनबुजून केलेली निवड. शॉशँकमध्ये त्या काळातलं, दबक्या आवाजाचं ध्वनिमुद्रण वापरता आलं असतं. पण प्रसंगाची गरज होती की भिंतींवरून तो आवाज मोकळा वाहावा. तो आधी भोंग्यातून आल्यासारखा येतो आणि हळूहळू सगळा पडदा व्यापतो. काळाचा काटेकोरपणा सोडून भावनेचा परिणाम साधला. ही चूक म्हणून नोंदवली तर आपण विश्लेषणाची संधीच घालवतो.

तिसरं, डोळा मारणं. स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये (१९७१) नायक रेकॉर्डच्या दुकानात फिरतो. काउंटरपाशी समोरच एक एलपी ठेवलेली दिसते: '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या संगीताची. तो सिनेमाही क्यूब्रिक यांचाच, १९६८चा. ही रेकॉर्ड तिथे चुकून आली असं मानणं कठीण आहे. ती प्रेक्षकासाठी ठेवलीय.

आणि एक चौथा प्रकार आहे, त्यात चूक सिनेमाची नसते, आपली असते. समजा १९६०च्या दशकातल्या भारतीय घरात ७८ फेऱ्यांची नवी कोरी तबकडी वाजताना दिसली. अमेरिकेचं कॅलेंडर डोक्यात ठेवून बघणारा म्हणेल, अरे, लाखेच्या रेकॉर्ड तर तेव्हा संपल्या होत्या! अमेरिकेत संपल्या होत्या. भारतात एलपी आल्यानंतरही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या दशकात निघतच राहिल्या, कारण खेड्यापाड्यांत चावीचे फोनो होते आणि त्यांना वीज लागत नव्हती. बीटल्सच्या भारतात छापलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आज जगभरचे संग्राहक शोधत फिरतात, ते यामुळेच. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना 'कधी शोध लागला' याच्याइतकंच 'इथे कधीपर्यंत वापरात होतं' हे विचारायला हवं. ही सवय कुठल्याही विषयात उपयोगी पडेल.

शब्दांनाही हेच लागू. अन्विता दत्त यांच्या 'कला'मध्ये (२०२२) १९३०-४०च्या दशकातल्या गायिकेला 'गोल्डन व्हायनल' मिळालेली असते. त्या काळी आपल्याकडे रेकॉर्ड लाखेची होती. सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड देऊन गौरव करण्याचं गाजलेलं पहिलं उदाहरणही फेब्रुवारी १९४२चं, अमेरिकेतलं, ग्लेन मिलर यांचं. पण सिनेमा एक स्वप्नासारखं जग उभं करतोय, आणि 'व्हायनल' या शब्दाला आज जी झळाळी आहे ती त्याला हवी आहे. मी वहीत लिहिलं: हा शब्द २०२२ चा पुरावा.

वहीत काय लिहायचं

शेवटी कामाची गोष्ट. प्रत्येक नोंदीपुढे मी आता एक अक्षर लिहितो. 'दि' म्हणजे दिसलं: कुठल्या मिनिटाला, कुठल्या फ्रेममध्ये. 'ऐ' म्हणजे ऐकलं. 'का' म्हणजे कागदोपत्री सापडलं: श्रेयनामावली, कोश, लेबल. 'वा' म्हणजे मला वाटलं. प्रबंधात जाण्याआधी प्रत्येक 'वा'चं दुसऱ्या कशात तरी रूपांतर व्हायला पाहिजे, नाहीतर ते वाक्य 'कदाचित' लावून लिहायचं, नाहीतर काढून टाकायचं. त्या सेमिनारचा जुना पेपर मी या पद्धतीने तपासला. बारा मुख्य विधानांपैकी सात 'वा' निघाली! सात!! आणि मी ती सगळी 'यावरून स्पष्ट होते की' असं म्हणून लिहिली होती.

सुरुवात करायची असेल तर एक सोपा गृहपाठ देतो. जॉन कार्पेंटर यांचा 'स्टारमॅन' (१९८४) बघा. सुरुवातीला व्हॉयेजर २ यान अंतराळातून जाताना दिसतं आणि त्यातल्या सोनेरी तबकडीवरून रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' ऐकू येतं. आता खऱ्या तबकडीची यादी काढा. ती तबकडी आहे, तांब्याची आहे, सोन्याचा मुलामा आहे, आणि १९७७ मध्ये ती खरोखर अवकाशात गेली. पण रोलिंग स्टोन्स तिच्यावर नाहीत. त्यावर एक भारतीय आवाज आहे: गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. लांबी साडेतीन मिनिटं. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूत मावेल एवढीच.

व्हॉयेजर १ यान ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. 'स्टारमॅन' पाहून त्या तबकडीविषयी लिहिणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. कारण तो सिनेमातली रेकॉर्ड ऐकेल, आणि खरी रेकॉर्ड कुठली, हे विचारायला विसरेल. मीही विसरलो होतो. मागच्या बाकावरच्या त्या काकांनी हात वर केला नसता तर माझं ते वाक्य प्रबंधात छापून आलं असतं.

हल्ली माझ्या सेमिनारला ते आले की मी त्यांना पुढच्या बाकावर बसवतो.